पिस्त्याखालचा अबोली

सिग्नलला थांबलं की लोक मोबाईल बघतात, मी शेजारच्या गाडीचा रंग बघतो. टाकीचा निळा आणि बाजूच्या पत्र्याचा निळा एकच आहे की नाही, हे मला बघताक्षणी कळतं, आणि नसला की जिवाला चैन पडत नाही. वाळूजच्या एका दुचाकीच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये, रंग तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. नुकताच रंगवलेला भाग नमुन्याच्या पट्टीशेजारी धरायचा, दिव्याखाली तिरका करून बघायचा आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं. बायको म्हणते, तुम्ही माणसाचं तोंड विसराल, पण त्याच्या स्कूटरचा रंग विसरणार नाही. तिच्या भाच्याच्या लग्नात नवरदेवाचा फेटा आणि उपरणं जुळत नव्हतं म्हणून माझं जेवणात लक्ष नव्हतं, हे ती अजून चारचौघांत सांगते. सांगू दे. जुळत नव्हतं ते नव्हतंच.

निवृत्त होईपर्यंत मी समजत होतो की हे वेड कारखान्यानं लावलं. आता वाटतं, ते आधीपासूनच लागलेलं होतं, आणि लावणारी होती आमच्या घरातली एक गिटार.

खरं तर आमच्या घरात गिटार यायचं काही कारण नव्हतं. आजोबा पंचांग सांगायचे, वडील म्हणजे आमचे अण्णा कचेरीत कारकून. सोयगावहून बदली होऊन शहरात आले आणि औरंगपुऱ्यातल्या एका बोळात दोन खोल्या घेऊन राहिले. घरात वाजणाऱ्या वस्तू दोनच, देवघरातली घंटा आणि आईची शिलाई मशीन. पण आमचा मामा स्टेशनजवळच्या एका हॉटेलात कामाला होता. अजिंठा-वेरूळ बघायला आलेले परदेशी लोक तिथे उतरायचे. त्यातला एक जण कावीळ होऊन तिथेच पडला. मामानं त्याला घरून मुगाची खिचडी आणि ताक नेऊन नेऊन बरा केला. जाताना त्या माणसानं आपली गिटार मामाच्या हातात दिली आणि तो गेला. मामा गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात बुलबुलतरंग वाजवायचा. गिटार त्याला काही जमली नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या अक्काला, ती जमली. मामानं ती तिलाच देऊन टाकली.

तोवर मी पाहिलेली गिटार म्हणजे लग्नाच्या बँडवाल्याच्या दुकानातली, पोकळ पोटाची, तपकिरी. ही विजेवर वाजणारी, भरीव होती, जड होती आणि तिचा रंग मला कशाशीच जोडता येईना. गुलाबी म्हणावा तर गुलाबी नाही, केशरी म्हणावा तर तोही नाही. मध्यभागी एक पांढरट पट्टी स्क्रूनं बसवलेली आणि बाकी सगळं अंग त्या रंगाचं. वर काचेसारखा पारदर्शक थर, आणि त्या थराला जुन्या बशीला पडतात तशा केसाएवढ्या बारीक भेगा. शेवटी आईनं निकाल दिला की हा अबोली आहे. मग घरात तो अबोलीच झाला. मी शाळेतून आलो की दप्तर टाकून आधी तिच्यासमोर बसायचो. वाजवण्यासाठी नाही, नुसतं बघण्यासाठी. खिडकीतून ऊन आलं की तो रंग वेगळा दिसायचा, दिवा लावला की वेगळा, आणि यात अक्काला काही नवल वाटत नाही याचंच मला नवल वाटायचं.

अक्का रोज वाजवून झालं की गिटारीला खोबरेल तेलाचा हात फिरवायची. स्वतःच्या केसांची तिनं इतकी निगा कधी केली नाही. गणपतीत मामाच्या ऑर्केस्ट्रात तिला स्टेजवर बसू द्यायला आई तयार झाली, ती साडी नेसण्याच्या अटीवर. अक्कानं उलटी अट घातली, साडी गिटारीच्या रंगाची पाहिजे. मग चादरीत गुंडाळलेली गिटार, आई, अक्का आणि मी असे रिक्षानं गुलमंडीला गेलो. दुकानदारानं चादर उघडून बघितली आणि गल्ल्यावरच्या भावाला हाक मारून सांगितलं, "भाई, आजतक ब्लाउज का मॅचिंग पूछते थे. ये बाजे का पूछ रहे." आई लाजेनं अर्धी झाली. पण त्या माणसानं थट्टा केली तरी काम मनापासून केलं. एकेक साडी घेऊन तो दुकानाच्या पायरीवर उन्हात यायचा, गिटारीवर धरायचा, मान हलवून आत जायचा. रंग दुकानाच्या दिव्याखाली बघायचा नसतो, हे मी त्या पायरीवर शिकलो. पुढे त्याच शिकवणीवर पगार खाल्ला.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडची म्हणजे सगळ्या गल्लीचीच. दिवाळीच्या तोंडावर घराला रंग द्यायचा. भिंतीला चुना, दारं-खिडक्यांना ऑइलपेंट. आणि डब्यात जो ऑइलपेंट उरेल, त्याचा थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही. दार झालं की स्टूल, स्टूल झालं की ट्रंक, मग धान्याची कोठी, आरशाची चौकट, मशीनचं पायडल, अंगणातली कुंडी. एका वर्षी आमच्या शेजाऱ्यांनी उरलेल्या निळ्या रंगात तुळशीवृंदावन, सायकल आणि कुत्र्याची साखळी रंगवली होती. डबा रिकामा होईपर्यंत ब्रश थांबायचा नाही. त्यामुळे कुणाच्याही घरात शिरलं की तिथे गेल्या दिवाळीला दाराला कुठला रंग होता, ते स्टुलावरून कळायचं.

अक्काचं लग्न ठरलं त्या दिवाळीला आमचा रंग पिस्ता होता. लग्न दिवाळीनंतर लगेच होतं. आई रुखवताच्या मागे होती. रुखवत म्हणजे मुलीच्या बाजूनं मांडवात मांडायचा थाट: रंगीत पापड, क्रोशाचे रुमाल, साखरेची फळं, लखलखीत भांडी. सगळं कसं कोरं करकरीत दिसलं पाहिजे. अण्णांच्या मनात आलं की लेकीची सगळ्यात लाडकी वस्तू रुखवतात नसणं बरं नाही. त्यांनी गिटार हातात घेऊन पाहिली. त्यांच्या डोळ्यांना ती जुनाट दिसली. रंग उडालेला, पिवळट पडलेला, अंगभर भेगा, कडेला टवके. असली वस्तू व्याह्यांसमोर कशी मांडायची? डब्यात पिस्ता उरलेलाच होता.

अक्का बाहेर गेली होती. अण्णांनी अंगणात वर्तमानपत्र पसरून गिटार रंगवली. पांढऱ्या पट्टीला रंग लागू नये म्हणून आईची काजळाची काडी घेऊन कडा भरल्या. एक हात वाळल्यावर दुसरा दिला. मग कपड्यांच्या दोरीला अडकवून वाळवत ठेवली आणि खाली खुर्ची टाकून माश्या बसू नयेत म्हणून राखण करत बसले. कचेरीतल्या माणसानं इतकं निगुतीनं काम केलेलं मी एरवी पाहिलं नव्हतं. मीही तिथेच होतो. मला रडू येत होतं आणि का येतंय ते सांगता येत नव्हतं.

अक्का आली. अण्णांनी विचारलं, "कशी दिसते?"

अक्कानं दोरीकडे बघितलं, मग अण्णांकडे, आणि म्हणाली, "छान."

मग ती आत गेली आणि रडली. आई आम्हाला म्हणाली, लग्नाची मुलगी आहे, रडायचीच, कुणी काही विचारू नका. रुखवतात पिस्ता गिटार साखरेच्या किल्ल्याशेजारी उभी राहिली. वऱ्हाडी बायकांनी हात लावून बघितली. आणि पाठवणीच्या वेळी अक्कानं ती नेली नाही. तिकडे जागा नाही, एवढंच म्हणाली. सासरी कसलं गाणं-बजावणं, असा अर्थ सगळ्यांनी आपापला काढला. मीही तोच काढला.

आईनं जुन्या चादरीची खोळ शिवली आणि गिटार अण्णांच्या खोलीतल्या खुंटीला गेली. घर पाडून त्या जागी नवं बांधलं, वर मजला चढवला, खोल्या बदलल्या, पण खुंटी प्रत्येक वेळी नव्या भिंतीत आली. आई गेली. अण्णा दर दसऱ्याला खोळ काढायचे, गिटार पुसायचे, पाटावर ठेवायचे, हळद-कुंकू वाहायचे आणि परत खुंटीला लावायचे. घरात दुसरं कुणी तिला हात लावलेला त्यांना चालायचा नाही. माझ्या मुलानं लहानपणी एकदा हट्ट केला, तर म्हणाले, "ती अक्काची अमानत आहे. ती इथं येईल ना, तेव्हा लागंल." अमानत हा त्यांचा आवडता शब्द होता. कचेरीतली जुनी कागदपत्रं वाचून वाचून तो त्यांच्या तोंडात बसला होता.

अक्का यंदा नवऱ्याच्या निवृत्तीनंतर कायमची आमच्या शहरात राहायला आली. फ्लॅट आमच्या घरापासून रिक्षानं जवळ. सामान लागल्यावर एका सकाळी ती माझ्याकडे आली. अण्णा बागेतल्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर गेले होते. त्यांनी नव्वदीला हात लावलाय, पण कट्टा चुकत नाही. अक्कानं खुंटीवरून गिटार काढली, खोळ उतरवली आणि मांडीवर घेऊन बसली. तिच्या बोटांची पेरं सुजलेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की सांधे हळूहळू आखडत जाणार. मला म्हणाली, हात चालतोय तोवर वाजवायची आहे, पण हिच्याकडे बघवत नाही रे.

कडेला, जिथे पट्टा अडकवायची खुंटी असते, तिथे पिस्त्याचा एक टवका उडाला होता. नखाएवढा. खाली अबोली दिसत होता. मी चष्मा वर करून बघितलं. इतक्या वर्षांनी भेटलेल्या माणसाला लगेच ओळखावं, तसं झालं.

तेव्हा अक्कानं सांगितलं. सासरच्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. सासूबाई उलट विचारायच्या, तुझं ते वाद्य कधी आणणार. तिनं गिटार नेली नाही ती अण्णांनी रंगवली म्हणून. तो रंग बघितला की तिला वाटायचं, आपलं इथलं सगळंच कुणीतरी रंगवून टाकलंय. आणि हे अण्णांना सांगायचं कसं? ते दोरीखाली माश्या हाकत बसले होते, हे तिनं फाटकातून पाहिलं होतं.

म्हणजे प्रश्न असा होता. अक्काला तिची गिटार परत हवी होती, बोटं आखडायच्या आत. आणि अण्णांना कळता कामा नये होतं की त्यांनी जे प्रेमानं केलं, त्यापायी त्यांच्या लेकीनं वाजवणं सोडलं. दोन्ही एकदम होण्यासारखं नव्हतं. मी रंगाचा माणूस, मला फक्त पहिल्या अर्ध्या भागाचं उत्तर येत होतं.

गुलमंडीच्या मागे एक गिटार दुरुस्त करणारा आहे. तिशी ओलांडलेला, तोंडानं फार बडबड्या, पण हात हलका. त्याच्याकडे अक्का आणि मी गिटार घेऊन गेलो. त्यानं सावकाश स्क्रू सोडवून पांढरी पट्टी उचलली. पट्टीखाली अण्णांचा ब्रश पोचला नव्हता. तिथे रंग होता, पण अबोली नव्हता. कोवळा, फिका गुलाबी होता, तान्ह्या बाळाच्या टाचेसारखा.

तो माणूस खुर्चीतून उठलाच. बहुतेक गिटारी तपकिरी छटेतच निघायच्या, त्यानं सांगितलं. कुणी वेगळा रंग मागितला तर कंपनी मोटारीला लावायचा रंग घेऊन तो मारायची. असले रंग फार थोडे निघाले, आणि त्यातही हा गुलाबी त्या काळी कुणाला नको असायचा, म्हणून आज मिळत नाही. कंपनीच कधीकधी न खपलेल्या रंगावर दुसरा रंग चढवून माल पाठवायची, आणि आता लोक असले खालचे रंग शोधत हिंडतात. मी म्हटलं, मग आमचे अण्णा पण कंपनीच झाले. तो हसला, पण लगेच म्हणाला की वरचा हिरवा काढायला थिनर लावाल तर खालचं सगळं वाहून जाईल. "एक बूंद बी नक्को, अंकल." ते मला माहीत होतंच, पण त्याच्या तोंडून ऐकून बरं वाटलं.

त्याला वाटत होतं की पट्टीखालचा गुलाबी खरा आणि बाहेरचा अबोली कुणीतरी नंतर लावलेला. ते मात्र तसं नव्हतं. मी त्याला दारात उन्हात नेऊन दाखवलं. खाली रंग तोच. वरचा पारदर्शक थर उजेड आणि हवा खाऊन पिवळा पडतो आणि गुलाबीवर पिवळा चढला की आपल्या डोळ्याला अबोली दिसतो. म्हणजे आमच्या घरात आला तेव्हाच तो रंग म्हातारा व्हायला लागला होता. आई म्हणाली तोही खरा आणि कंपनी म्हणाली तोही खरा. आता हिला किती मिळतील ते सांगायला त्यानं तोंड उघडलं, तर अक्कानं त्याला खूण करून गप्प केलं.

काम मी घरीच सुरू केलं, गच्चीवरच्या पत्र्याखाली, अण्णा कट्ट्यावर असण्याच्या वेळात. हत्यारं दोन: बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणि बंद पडलेलं बँकेचं एक कार्ड. ड्रायरची नुसती कोमट हवा द्यायची, कार्डाची कड अलगद घालायची आणि पापुद्रा उचलायचा. मला भीती होती की इतक्या वर्षांचा ऑइलपेंट दगड झाला असेल. पण तो सुटत गेला. रंगवण्याआधी काचपेपर मारून खालचं अंग खरखरीत करायचं असतं, तरच रंग धरतो. अण्णांना ते ठाऊक नव्हतं. आणि वर अक्काचं खोबरेल. तेलकट अंगावर रंग बसलाच नव्हता, नुसता पांघरलेला होता. कारखान्यात असं काम कुणी केलं असतं तर मी त्याला उभं जाळलं असतं. इथे मात्र मनातल्या मनात त्या कच्च्या कारागिरीचे उपकार मानले.

अक्का समोर स्टुलावर बसायची. पुढची बाजू मोकळी होत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला. बायको खालून ओरडायची, पाणी आलंय, टाकी भरून घ्या, आठवड्यातनं एकदा येतं आणि तुम्ही गच्चीवर खेळत बसा. मी जात नव्हतो. सगळा पिस्ता काही निघाला नाही. बारीक भेगांमध्ये तो मुरला होता, अबोलीवर हिरव्या शिरा दिसाव्यात तसा. ते मी सोडून दिलं. पुढची बाजू संपली, कडा संपल्या, मागची तेवढी राहिली. आणि दसरा जवळ आला होता. दसऱ्याला अण्णा खोळ उघडणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हतो.

बोलायची वेळच आली नाही. पापुद्रे मी वर्तमानपत्रात गोळा करायचो, पण गच्ची ती गच्ची. त्या सकाळी वारा होता. अण्णा कट्ट्यावरून लवकर परतले, जिन्यात त्यांना काहीतरी दिसलं आणि आजवर कधी वर न येणारा हा माणूस कठड्याला धरून एकेक पायरी चढत वर आला. तळहातावर पिस्त्याचा पापुद्रा होता.

"हा आपल्या जुन्या दाराचा रंग," ते म्हणाले. "दार तर केव्हाच गेलं."

मग त्यांना अक्काच्या मांडीवरची गिटार दिसली. मी ड्रायर बंद केला. उठून त्यांना माझी खुर्ची दिली. ते बसले. हात पुढे करून गिटार मागून घेतली, चष्म्याजवळ नेली, मग लांब धरली, मग परत जवळ. भेगांवरून अंगठा फिरवला.

"पहिला हाच होता का?"

"हो, अण्णा," अक्का म्हणाली. आणि मग, इतक्या वर्षांचं, एका दमात: "तेव्हा मी छान म्हणाले ना, ते तुमच्या तोंडाकडे बघून म्हणाले."

मी मान खाली घातली. म्हाताऱ्या माणसाला या वयात हे ऐकवायला नको होतं, असं मला वाटलं आणि अक्काचा रागही आला. अण्णा गिटारीकडेच बघत होते.

"ते तर मला कळलंच होतं," ते म्हणाले. "तू नेली नाहीस, तेव्हाच कळलं. लेकीच्या रुखवताला बापानं उरलेला रंग लावला, म्हणून तुला लागलं असंल. खरं होतं तुझं. दाराचा उरलेला रंग काय लेकीच्या वस्तूला लावतात? नवा डबा आणायला पाहिजे होता. इतकी वर्षं दर दसऱ्याला तेच मनात यायचं."

अक्कानं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि लग्नाच्या आधी आतल्या खोलीत रडली होती तशी रडली, फक्त या वेळी सगळ्यांसमोर. मलाही रडू आलं, ते मी ड्रायरची वायर गुंडाळण्यात लपवलं. एकानं रंगाला धरून ठेवलं होतं, दुसऱ्यानं डब्याला. मधे चाळीसेक दसरे निघून गेले आणि कुणी कुणाला विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धतच नाही. हळद-कुंकू वाहायची आहे.

"उरलेल्याचं काही नव्हतं हो, अण्णा," ती शेवटी म्हणाली. "मला माझा जुनाच पाहिजे होता."

अण्णांनी मान डोलावली. हे त्यांना पूर्ण पटलं असेल का, मला सांगता येणार नाही. ज्यांनी जन्मभर जुनं ते झाकून, नवं करून दाखवलं, त्यांना, एखाद्याला जुनंच हवं असतं म्हणजे काय, हे कळणं सोपं नाही. पण ती त्यांच्याशी बोलली, एवढं त्यांना पुरलं असावं. त्यांनी गिटार उलटी केली. मागे सगळा पिस्ता शाबूत होता, गुळगुळीत, दोन हातांचा.

"मागचा पण काढणार?" त्यांनी मला विचारलं. तक्रारीच्या सुरात नाही, सहज.

मी म्हटलं, काढावाच लागेल, एका वस्तूला दोन रंग कसे ठेवायचे. माझ्या तोंडून निघून गेलं. सवय.

"नको काढू," अक्का म्हणाली. "मागचा राहू दे."

मी हुज्जत घातली. पुढे अबोली आणि मागे दाराचा पिस्ता, हे डोळ्याला खुपेल. तो दुरुस्तीवाला डोक्यावर हात मारून घेईल. आणि झालंही तसंच. तारा चढवायला गिटार त्याच्याकडे नेली तेव्हा त्यानं उलटी करून बघितली आणि म्हणाला, "अंकल, आधा काम कायको छोडा?" मी त्याला सांगितलं, मालकिणीची मर्जी. कारखान्यात असता तर हा तुकडा मी पहिल्या नजरेत रिजेक्ट केला असता. इथे मला कुणी विचारलं नव्हतं.

दसऱ्याला अण्णांनी नेहमीसारखा पाट मांडला. गिटार आली, पुसली. हळदीची वाटी हातात घेतल्यावर ते थांबले. "पुढं नको," म्हणाले. "कंपनीचा रंग आहे, डाग पडंल." त्यांनी ती पालथी केली आणि हळद-कुंकवाची बोटं पिस्त्यावर लावली. वर झेंडूचं फूल ठेवलं. आरती झाली, सोनं वाटून झालं, आपट्याची पानं सगळ्यांच्या खिशात गेली.

मग अक्कानं पदर खोचला आणि ती वाजवायला बसली. दुरुस्तीवाल्यानं एक छोटा स्पीकर दिला होता. बोटं एक-दोनदा अडली, तिनं ओठ चावला आणि पुन्हा सुरुवात केली. मामाच्या ऑर्केस्ट्रात सुरुवातीला वाजवायची तीच धून होती. अण्णा अगदी समोर खुर्ची ओढून बसले. मी आणि बायको त्यांच्या मागे. खिडकीतून ऊन येत होतं आणि तो रंग, मी लहानपणी बघायचो तसाच, क्षणाक्षणाला बदलत होता.

आम्हाला समोरून फक्त अबोली दिसत होता. पिस्ता मागे, तिच्या अंगाला टेकून होता.